तीन काड्यांचं उत्तर

शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसमोर वर्गशिक्षिका मनकर्णा परातेनं दुसरीतल्या गोपिकाच्या थोबाडीत मारली, आणि मारून झाल्यावर ती साहेबांकडे बघून हसली. सगळं इतक्या झटक्यात झालं की हातातला खडू खाली ठेवायलाही सवड मिळाली नाही. खडू डाव्या हातात तसाच राहिला, उजव्यानं मारलं. वर्गातली बेचाळीस पोरं गप्प झाली. गोपिका रडली नाही. तिच्या हातात आगपेटीच्या तीन जळक्या काड्यांचा त्रिकोण होता, टोकं सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीनं जोडलेला. तो तिनं तसाच पुढं धरून ठेवला होता, साहेबांचं अजून बघून व्हायचं आहे असं समजून. साहेबांनी विचारलं होतं, "त्रिकोण म्हणजे काय?" आणि पोरीनं पिशवीतून हा त्रिकोण काढून दाखवला होता. "हे काय? व्याख्या सांग," साहेब म्हणाले. तर ती म्हणाली, "हा हालत नाही जी. चार काड्यांचं डुलते, पाचाचं त बहूतच डुलते. तीन काड्यांचं कितीही दाबा, तसंच राह्यते. म्हणून त्रिकोन." साहेब मोठ्यानं हसले. त्यांच्या मागं उभे असलेले हेडमास्तर दत्तोपंत हसले नाहीत. त्यांनी मनकर्णेकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि तिचा हात उठला. "व्याख्या सांग म्हणतात ना साहेब!" असं काहीतरी तिच्या तोंडून निघालं. मग ते हसू. "पोर जरा अवखळ आहे, साहेब. पाठ आहे तिला सगळं." साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्गात गेले. गोपिकाला काही पाठ नव्हतं. मनकर्णेनं कोणाकडूनच पाठ करून घेतलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती नेहमीच्या गल्लीनं घरी गेली नाही. इतवारीच्या बाजारातून लांबचा फेरा घेत चालत राहिली. फेब्रुवारीचं ऊन उतरलं होतं, तरी अंग तापलं होतं. हातगाड्यांच्या गर्दीत कोणाचं कोपर लागलं की तिला वाटे, थांबावं आणि याला दोन शब्द सुनवावेत. आधी राग साहेबाचा आला. कोण तो? वर्षातून एकदा यायचं, वर्गात चार मिनिटं उभं राहायचं, चहा-चिवडा खायचा आणि बेचाळीस पोरांच्या वर्षभराच्या कामावर शेरा मारून जायचं. तीन रेषाखंडांनी बंदिस्त झालेल्या आकृतीस त्रिकोण म्हणतात. रेषाखंड म्हणजे काय, हे सात वर्षांच्या पोरीला कसं सांगणार होता तो? त्याला तरी कधी कोणी सांगितलं होतं? मग दत्तोपंतांचा राग आला. आठ दिवस आधी ते वर्गाच्या दाराशी येऊन सांगून गेले होते, "पराते बाई, काड्या-कुड्या बाजूला ठेवा आता. व्याख्या घोकून घ्या. तुमच्या कायम होण्याचा प्रश्न आहे." ती 'हो सर' म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना अंगणात नेलं, चौघांच्या हाती सुतळीची चार टोकं दिली आणि म्हणाली, "आता याचा चौकोन करा." तीन वर्षं तात्पुरती नोकरी केलेल्या बाईचं हे धाडस होतं की आगाऊपणा, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आज साहेबांच्या प्रश्नानं तेच विचारलं, आणि उत्तर मात्र पोरीच्या गालावर दिलं गेलं.

भांड्यांच्या दुकानांपाशी येईपर्यंत राग गोपिकावर आला होता. कशाला एवढं बोलायचं? नुसता त्रिकोण दाखवून गप्प बसली असती तर साहेबांनी दुसऱ्या पोराला उठवलं असतं. डुलते, दाबा, तसंच राह्यते. कशाला? पण हे मनात येताच तिला नोव्हेंबरातली ती दुपार आठवली, आणि ती एका दुकानाच्या पायरीपाशी थांबली. पुस्तकात नुसती रेघांची चित्रं होती. पोरं ती पाटीवर गिरवत आणि थुंकी लावून पुसून टाकत. म्हणून तिनं सायकलवाल्याकडच्या टाकाऊ व्हॉल्व्हच्या नळ्यांचे तुकडे आणले होते, आणि पोरांना घरून चुलीपुढच्या जळक्या काड्या आणायला सांगितल्या होत्या. ओल्या मातीवर डब्याचं झाकण दाबून गोल काढायचा, हात धरून रिंगण करायचं, काड्या जोडून घर करायचं. सगळे खेळत होते. गोपिका एकटीच खिडकीखाली बसून आपला चौकोन दाबत होती. "बाई, माह्या चौकोन बिघडला. वाकडाच होऊन राह्यला," ती म्हणाली. मनकर्णा म्हणाली, "नळी ढिली असेल, बदल." पोरीनं नळी बदलली, तरी चौकोन वाकला. मग तिनं शेजारणीची एक लांब काडी हिसकून घेतली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडवी लावली. चौकोन ताठ उभा राहिला. "आता नाही हालत," ती म्हणाली. "आता याच्यात दोन त्रिकोन झाले नं, म्हणून." मनकर्णेनं मॅट्रिकला भूमितीत बासष्ट मार्क मिळवले होते. सिद्धता तिनं पाठ केल्या होत्या, पक्ष आणि साध्य यांसकट. त्रिकोण हलत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना ती वर बघत चालली होती. कौलांखालच्या लाकडांत, मांडवाच्या बांबूंत, विजेच्या खांबाच्या तणाव्यात, सगळीकडे कोणीतरी ती आडवी काडी लावून ठेवलेली होती. सात वर्षांच्या पोरीनं तिला शिकवलं होतं. आणि तिलाच तिनं मारलं.

मारलं ते मारलं, पण हसली का? ते हसू अजून तोंडाला चिकटून असल्यासारखं वाटत होतं. तिनं पदरानं ओठ पुसले. ते तिचं हसू नव्हतं. ते तिनं पाहिलेलं होतं, याच बाजारात, पंचवीस वर्षांपूर्वी. तिचे वडील बाबनराव उमरेडला मागावर बसत. करवतकाठी लुगडी विणत. काठाला करवतीच्या दातांसारखे बारीक त्रिकोण, एकाला एक लागून, नऊ वार. एकेका दातात किती तार चढवायचे आणि किती उतरवायचे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तोंडानं ते कधी मोजत नसत. ती आठ वर्षांची असताना एकदा तिला एसटीनं नागपूरला घेऊन आले. शेटच्या गादीपुढं लुगडं उलगडलं. शेटनं काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाबनराव, दात सारखे नाही." दात सारखे होते. तिनं स्वतः मागाशेजारी बसून ते मोजले होते. वडील विणत आणि ती मोजत असे, तोच तिचा खेळ होता. ती बोलायला निघाली, तोच वडिलांनी तिचा खांदा दाबला आणि हसले. "हो जी शेटजी. नजरच चुकली माही." ते हसू तिला लुगड्यापेक्षा जास्त आठवत होतं. वडील घरी कधी असे हसत नसत. परतीच्या एसटीत ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी तिला संत्रं सोलून दिलं, तेही तिनं घेतलं नाही. माणसानं बरोबर असूनही असं हसावं, हे तिला त्या वयात इतकं घाणेरडं वाटलं होतं की मोठी झाल्यावर आपण शिकायचं, नोकरी करायची आणि कोणासमोर असं हसायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. शिकली. नोकरी केली. आणि वडिलांनी निदान तिला मारलं नव्हतं. त्यांनी तिचा खांदा दाबला होता फक्त.

घरी तिचा नवरा मधुसूदन कचेरीतून येऊन चहा पीत बसला होता. तिनं त्याला सांगितलं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तो शांतपणे ऐकत होता. ऐकून म्हणाला, "एक थप्पड त मारली. आम्हाले मास्तर छडी तुटेपर्यंत मारे."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. पोरं विसरते. तू कायम होशील त त्या पोरीचंही भलंच हाये नं. तूच शिकवशील."

"तुम्ही विसरले का?"

"काय?"

"ती छडी. विसरले असते त आज सांगितली नसती."

मधुसूदननं कप खाली ठेवला. "तू कोनावर चिडून राह्यली, ते तरी सांग," तो म्हणाला. ती आत गेली आणि कणीक इतकी जोरात तिंबायला लागली की परात फरशीवर सरकत गेली.

दुसऱ्या दिवशी गोपिका आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना मनकर्णा तिच्या नावाशी थांबे, आणि पोरं एकमेकांकडे बघत. काड्यांचा डबा कोणी मागितला नाही. बेचाळीसातली एकेचाळीस पोरं एका दिवसात शहाणी झाली होती. तिनं फळ्यावर एक वाकडा चौकोन काढला आणि विचारलं, "याला काय म्हणायचं?" तर कोणी हात वर करीना. जो तो आधी तिच्या हाताकडे बघे, मग फळ्याकडे. दत्तोपंत मात्र व्हरांड्यात भेटून म्हणाले, "वर्ग किती शांत असतो हो तुमचा आता!" तिला त्यांच्या अंगावर खडूचा डबा भिरकावावा असं वाटलं. "हो सर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गोपिकाच्या घरी गेली. नाईक तलावाच्या बाजूची विणकरांची वस्ती. दोन खोल्या, पुढच्या खोलीत जमिनीत माग बसवलेला. बाप मिलमध्ये पाळीला गेलेला होता. आई, जनाबाई, चरखा फिरवून कांड्यांवर सूत भरत होती, आणि तिच्याशेजारी गोपिका भरलेल्या कांड्या टोपलीत लावत होती. मनकर्णेला बघताच ती उठली आणि मागच्या खोलीत गेली.

"या बाई. बसा." जनाबाईनं चटई सरकवली. "च्या ठेवू का?"

"नको. गोपिका शाळेत काहून नाही येऊन राह्यली, ते विचारायले आली."

जनाबाईनं चरखा थांबवला नाही. "नाही जात म्हणते. म्या म्हटलं, मास्तरीन मारतेच. मारल्याबिगर कोनी शिकते का? त्याचं मले काही वाटलं नाही." सूत तुटलं, तिनं ते चिमटीत धरून सांधलं. "पन ती मले एकच विचारून राह्यली तीन दिवसांपासून. 'माय, माह्यं चुकलं काय?' मी म्हनलं, काही त चुकलं असन. ती म्हनते, 'सांग नं काय चुकलं.' आता मी अडानी बाई, मले कसं समजन? तुम्ही सांगा तिले. एकदा समजलं का येईन."

मनकर्णा मागच्या खोलीच्या दाराशी गेली. गोपिका भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीखाली दाबून धरले होते.

"तुझं काही चुकलं नाही," मनकर्णा म्हणाली.

गोपिकानं मान वर केली नाही.

"तुझं उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी वर्गात तेवढं एकच बरोबर होतं."

"मंग काहून मारलं?"

वाटेत तिनं दहा उत्तरं जुळवली होती. ती तिनं तशीच सोडली. "मी भ्याली," ती म्हणाली. "साहेबाले."

पोरीनं आता मान वर केली. घाबरलेल्या माणसाला दुसरं घाबरलेलं माणूस ओळखायला वेळ लागत नाही. पण गोपिकाला दया आली नव्हती. तिचे डोळे रागानं भरले होते, आणि तो राग मनकर्णेच्या ओळखीचा होता. परतीच्या एसटीत, खिडकीशी, संत्रं न घेता बसलेल्या पोरीचा.

"माह्यं बरोबर होतं," गोपिका म्हणाली, "त मंग तुम्ही साहेबाले काहून नाही सांगितलं?"

बाहेर चरखा थांबला. जनाबाईही ऐकत होती. मनकर्णा चहा न घेता निघाली. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी मागांचे आवाज येत होते, आणि तिला पहिल्यांदा नीट कळलं की आपण कोणावर चिडलो आहोत. साहेब आला आणि गेला. दत्तोपंत तर कोणाकडेही तसेच बघतात. वडील मरून अकरा वर्षं झाली. राहिली ती एकटीच, आणि स्वतःची पाठ सोडून जायला तिला कुठं जागा नव्हती. पण राग नुसता स्वतःवर काढला की तोही शेवटी एक लाड होतो. माणूस घरी बसून स्वतःला बोल लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हो सर' म्हणतो. पोरीनं विचारलं होतं ते वेगळंच. तिनं 'वाईट वाटतं का' असं विचारलं नव्हतं. 'साहेबाले काहून नाही सांगितलं' असं विचारलं होतं.

सकाळी दत्तोपंतांनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर शेरेबुक उघडं होतं. ते खुशीत होते. "वाचा आणि सही करा, बाई. अभिनंदन. पेढे पाहिजेत." साहेबांचं अक्षर गोल आणि नीटस होतं. 'इयत्ता दुसरी. भूमितीच्या व्याख्या कच्च्या. काड्या, नळ्या इत्यादी खेळ वर्गात टाळावेत. मात्र वर्गशिक्षिकेचा मुलांवर वचक उत्तम. कायम करण्यास हरकत नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. वचक उत्तम. म्हणजे तीन वर्षांत तिनं जे काही केलं होतं, त्यातली ती एक थप्पडच तेवढी साहेबांना दिसली, आणि तीच आवडली. त्या थपडेवर ती कायम होणार होती. पुढं पंचवीस वर्षं दर महिन्याला जो पगार येईल, तो त्या गालावरचा. दत्तोपंत काहीतरी बोलत होते. त्यांनी साहेबांकडे तिच्यासाठी कसा शब्द टाकला, ते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरंच तिचं भलं केलं होतं, आणि त्यामुळं तिला त्यांचा आणखीच राग आला. तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि शेऱ्याखाली लिहिलं, 'मुलीचे उत्तर बरोबर होते. तिला मारले ही चूक माझी. वचक उत्तम हा शेरा मला मान्य नाही.' आणि त्याखाली सही केली, पूर्ण नावानिशी.

दत्तोपंतांनी वही आपल्याकडे फिरवली. त्यांचा चेहरा उतरला. "हे काय केलंत तुम्ही? शेरेबुकात शिक्षकानं लिहायचं नसतं. हे वर जातं, बाई!"

"म्हणूनच लिहिलं, सर."

"खोडा ते. मी पाहिलं नाही असं समजतो."

"नाही खोडत."

"एका पोरीच्या थपडेपायी?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "अहो, ती विसरूनही गेली असेल."

"नाही विसरली. काल विचारून आली मी."

ती वर्गात गेली. हजेरी घेतली नाही. टेबलापुढं उभी राहून, फार मोठ्या आवाजात, शेजारच्या दोन वर्गांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "सोमवारी साहेबांनी त्रिकोण म्हणजे काय विचारलं. गोपिकानं बरोबर सांगितलं. बाईनं तिला मारलं. बाईचं चुकलं." पोरं टकमक बघत होती. कोणीतरी फिसकन हसलं, मग चूप झालं. मागच्या ओळीतला एक जण, ज्यानं वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मंग तुम्ही अंगठे धरा." मनकर्णेला हसू आलं नाही. तिनं पदर खोचला, वाकली आणि पायाचे अंगठे धरले, पोरं धरत तसेच, आणि दहा आकडे मोजून उभी राहिली. दाराशी दत्तोपंत होते. ते निघून गेले.

गोपिका सोमवारी आली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. वस्तीतली चार पोरं त्याच वर्गात होती. पण ती पहिल्या ओळीतली आपली जागा सोडून भिंतीशी बसली, आणि महिनाभर मनकर्णेनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिनं हात वर केला नाही. शेजारणींना ती काड्या जोडून दाखवी, त्यांच्याशी भांडे, खिदळे. बाई जवळ आल्या की गप्प होई. मनकर्णेनं तिला एकदाही उठवलं नाही. हेही तिला सोपं गेलं नाही. रोज वाटे, आता पुरे, मी चूक कबूल केली, लिहिलेलं खोडलं नाही, अंगठे धरले. आणखी काय पाहिजे या पोरीला? आणि रोज तिला स्वतःच्या या हिशेबाची चीड येई.

एप्रिलमध्ये शाळा चालवणाऱ्या संस्थेची चिठ्ठी आली. जूनपासून मनकर्णेनं संस्थेच्या कामठीच्या शाळेत जायचं होतं, तात्पुरती म्हणूनच. चिठ्ठीत कारण नव्हतं. मधुसूदननं ती वाचून घडी केली आणि पहिल्यांदा तिच्या बाजूनं चिडला. "रोज बसनं जाशील-येशील, उन्हातान्हात! आणि कायमही नाही?" त्याच्या त्या चिडण्यानं तिला बरं वाटलं, पण तिचा स्वतःचा राग काही गेला नाही. तो आता ठिणगीसारखा उडत नव्हता; राखेखालच्या निखाऱ्यासारखा दबून होता, आणि तो तसाच राहावा असं तिला वाटत होतं. तो विझला की पुन्हा ते हसू येईल, ही तिला खात्री होती.

निकालाच्या दिवशी पोरं कागद घेऊन पळाली. गोपिका पास झाली होती. ती व्हरांड्यात घुटमळत राहिली, वर्ग रिकामा झाल्यावर आत आली आणि टेबलापासून चार हात लांब उभी राहिली.

"तुम्ही कामठीले चालल्या म्हणते."

"हो."

"साहेबानं पाठवलं?"

"त्यानंच असं नाही. पण तसंच काहीतरी."

गोपिकानं हातातला निकालाचा कागद उलटसुलट केला. "तिथं कोनाले मारू नका," ती म्हणाली.

"नाही मारणार."

"साहेब आला तरी?"

"साहेब आला तरी."

पोरीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. बाजारात मोठी माणसं माल पाहतात तसं, न लाजता. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसल्याचं दाखवावं, असंही तिला वाटलं नाही.

"पाहू," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.